डोरेमॉनला तीनदा निरोप देणारा माणूस

शाळेतून आल्या आल्या दप्तर कोपऱ्यात भिरकावून जे कार्टून तुम्ही लावायचात, ते आज धाकट्या भावंडाशेजारी बसून बघा. दहा मिनिटांत तुमच्या तोंडून निघणारच, की यात आता पहिल्यासारखी मजा नाही राहिली, आमच्या वेळचा डोरेमॉन भारी होता. वय वर्षं एकवीस आणि बोलणं थेट आजोबांचं!

पण प्रश्न खोटा नाहीये. चाळीसहून जास्त वर्षं टीव्हीवर चाललेली विनोदी कार्टून मालिका पहिल्याइतकी चांगली राहू शकते का? की ती तशीच असते आणि मोठे होतो ते आपण? या प्रश्नाशी जन्मभर झटापट केलेला एक माणूस होता. तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधीच, १९९६ मध्ये तो गेला. नाव हिरोशी फुजिमोटो. जग त्याला फुजिको एफ. फुजिओ म्हणून ओळखतं. डोरेमॉन त्याचा.

जपानच्या तोयामा भागातल्या ताकाओका गावात १ डिसेंबर १९३३ रोजी त्याचा जन्म झाला. खेळात कच्चा, चार पोरांत फारसा न मिसळणारा, चित्रांत रमणारा. नोबिता कुठून आला ते वेगळं सांगायला नकोच. प्राथमिक शाळेत मोतोओ अबिको नावाचा नवा मुलगा वर्गात आला, त्यालाही चित्रांचंच खूळ. दोघांची गट्टी जमली ती जमलीच. युद्ध संपलं, गावोगावी हलाखी होती आणि अशात ओसामु तेझुका यांचं 'नवं खजिन्याचं बेट' हे कॉमिक या दोघांच्या हाती पडलं. कागदावरची चित्रं सिनेमासारखी पळताहेत! करायचं तर हेच, असं दोघांनी तिथंच ठरवून टाकलं.

अर्थात घरी असं सांगून भागत नाही, हे तुम्हाला माहितीये. शिक्षण संपल्यावर अबिको वर्तमानपत्रात लागला आणि हिरोशी मिठाईच्या एका कंपनीत. हिरोशीची नोकरी जेमतेम काही दिवस टिकली. १९५४ मध्ये दोघं टोकियोला आले. दोघांची सही एकच, फुजिको फुजिओ. तोकिवा-सो नावाच्या जुन्या लाकडी इमारतीत तेझुका राहायचे. त्यांनी सोडलेली खोली या दोघांना मिळाली. त्या इमारतीत तेव्हा अशीच कॉमिकवाली पोरं भरली होती, आणि त्यातली बरीचशी पुढं जपानभर गाजली.

मग पहिला दणका बसला. १९५५ च्या नवीन वर्षाला दोघं घरी गेले. डोक्यावर ढीगभर मालिकांचं काम होतं. घरची हवा लागली, आळस चढला आणि एकामागून एक तारखा चुकल्या. मासिकवाल्यांनी काम देणंच बंद केलं. जवळजवळ वर्षभर दोघं बसून होते. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण पुढं याच फुजिमोटोंच्या टेबलावर दर महिन्याला किती काम असायचं ते वाचलंत तर चक्कर येईल.

दिवस पालटले ते १९६४ मध्ये. 'ओबाके नो क्यू-तारो' नावाचं एक गोलमटोल, खादाड, कुत्र्याला घाबरणारं भूत त्यांनी काढलं आणि जपानमधली पोरं वेडी झाली. पुढच्याच वर्षी ते टीव्हीवर आलं. मग 'परमॅन' आला, तो तुम्ही हिंदीत पाहिलाही असेल. पण लाट ओसरायला किती वेळ लागतो? साठचं दशक संपता संपता कॉमिक्समध्ये गंभीर, रांगड्या कथांचे दिवस आले. फुजिमोटोंच्या निरागस भुताखेतांना कुणी विचारेना. वय छत्तीस, आणि बाजार म्हणतोय की तुमचा जमाना झाला.

अशात १९६९ च्या शेवटी शोगाकुकान प्रकाशनाला नवी मालिका हवी होती. मासिकात आधी जाहिरात छापायची पद्धत. फुजिमोटोंना काही सुचलेलंच नव्हतं! त्यामुळे जाहिरातीत नायकच नाही. टेबलाचा खण उघडतो, त्यातून काहीतरी उडी मारतं आणि एक मुलगा दचकतो, बस्स. काय उडी मारतं हे काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पुढची हकिकत त्यांनी स्वतःच कॉमिक काढून सांगून ठेवलीय. तारीख उरावर आली, डोकं चालेना आणि घरात मुलीच्या खेळण्याला पाय अडखळला. ढकललं तरी पुन्हा उभं राहतं ना, तसलं बुडाला जड असलेलं खेळणं. त्यात दारात येणारं भटकं मांजर मिसळलं आणि डोरेमॉन झाला. खणातून आलं ते टाइम मशीन.

आता आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. डोरेमॉन जानेवारी १९७० च्या अंकांत एकदम सहा मासिकांत सुरू झाला. बालवाडीच्या वयापासून चौथीपर्यंत प्रत्येक इयत्तेचं मासिक वेगळं आणि प्रत्येकात गोष्टही वेगळी. म्हणजे महिन्याला सहा गोष्टी. बारक्यांसाठी चित्रं मोठी आणि गंमत साधी. चौथीतल्यांसाठी जरा खवचट. हा माणूस एकाच वेळी सहा वयांशी बोलत होता. आपला वाचक मार्चमध्ये वर्ग सोडून जाणार आणि एप्रिलमध्ये नवा येणार, हे त्याला रोजच्या कामातून माहीत होतं. आमच्या वेळचा डोरेमॉन भारी होता, असं म्हणणारा पहिला मुलगा जपानमध्ये बहुधा १९७१ लाच पाचवीत बसला असेल!

गंमत म्हणजे पाचवीच्या मासिकात तेव्हा डोरेमॉन नव्हता. म्हणून चौथीतल्या पोरांचं वर्ष संपताना, मार्च १९७१ मध्ये, फुजिमोटोंनी डोरेमॉनला भविष्यात परत पाठवून दिलं. पुढच्या वर्षीच्या चौथीसाठी १९७२ मध्ये पुन्हा एक वेगळा निरोप काढला.

तिसरा निरोप मात्र मनापासूनचा होता. १९७३ मध्ये डोरेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर आला आणि २६ आठवड्यांत गुंडाळला गेला. (त्यातल्या डोरेमॉनचा दुसरा आवाज होता मासाको नोझावा यांचा. पुढं 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा जपानी आवाज त्यांचाच. आहे की नाही?) मालिका पडली, नवं काहीतरी करावं असं फुजिमोटोंना वाटू लागलं आणि मार्च १९७४ च्या तिसरीच्या मासिकात त्यांनी डोरेमॉन संपवला. डोरेमॉनला काळजी न करता जाता यावं म्हणून नोबिता रात्री एकटा जियानशी भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, सोडतच नाही. शेवटी जियानच कंटाळून पळतो. सकाळी डोरेमॉनची जागा रिकामी.

इथं थांबले असते तर? निर्दोष शेवट झाला असता. पण फुजिमोटोंच्या डोक्यातून ते निळं मांजर जाईना. एप्रिलच्या अंकात, त्याच पोरांच्या चौथीच्या मासिकात, डोरेमॉन परत आला. तोही एप्रिल फूलच्या दिवशी, एका गॅजेटमुळे. ते प्यायलं की बोलाल त्याच्या उलटं घडतं. नोबिता रडवेला होऊन म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही, आणि तो येतो. फुजिमोटोंनी त्या दिवशी शेवटाऐवजी चालू ठेवणं निवडलं. याची किंमत काय, ते पुढं कळलं.

२ एप्रिल १९७९ ला टीव्ही असाहीवर नवी मालिका सुरू झाली. आवाज नोबुयो ओयामा यांचा. सोमवार ते शनिवार रोज दहा मिनिटं. ही दहा मिनिटं फार महत्त्वाची, कारण मूळ गोष्टही आठ-दहा पानांचीच. नोबिता रडतो, गॅजेट मिळतं, हाव सुटते, फजिती होते, खलास. मेमरी ब्रेड आठवतो ना? ब्रेडवर पुस्तकाचं पान उमटवून खाल्लं की पाठ. नोबिता इतके खातो की पोट बिघडतं आणि पाठांतर सगळं संडासात! यात उपदेश कुठं आहे? फक्त फजिती आहे, आणि ती तुमची-आमची आहे.

पण हिशेब करा. आठवड्याला सहा, म्हणजे वर्षाला तीनशे. दहा वर्षं रात्री जागून काढलेल्या गोष्टी टीव्ही काही वर्षांतच फस्त करतो. १९८१ पासून मालिका आठवड्यातून एकदा, शुक्रवारी झाली, तरी भूक तीच. शिवाय १९८० पासून दर वसंतात एक सिनेमा, ज्याची लांबलचक कथा फुजिमोटो स्वतः काढायचे. १९८६ मध्ये त्यांना पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करावं लागलं. १९८७ च्या अखेरीस बालमित्र अबिकोबरोबरची जोडी त्यांनी सोडली; भांडण नाही, दोघांचे रस्तेच वेगळे झाले होते. १९८८ च्या सिनेमाची कथा तब्येतीमुळे त्यांना काढता आली नाही. मग बरे झाले, आणि पुन्हा बसले टेबलापाशी. कावासाकीच्या घरातून ट्रेननं शिंजुकूच्या स्टुडिओत जायचं, डोक्याला बेरेट टोपी, हातात पाइप. एखाद्या कारकुनासारखं नियमित.

२० सप्टेंबर १९९६ ला ते घरी टेबलापाशी बेशुद्ध सापडले. पेन्सिल हातात होती. तीन दिवसांनी गेले, वय ६२. समोर 'नोबिता आणि स्क्रू शहर' या कथेची पानं होती. अर्धी कच्ची, काही नुसत्या खुणा. मदतनिसांनी ती पुरी केली आणि सिनेमा पुढच्या मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे लागला.

मग दर्जाचं काय? माझं मत स्पष्ट आहे: घसरला. फुजिमोटोंच्या एकूण गोष्टी तेराशेहून जास्त. जुन्या मालिकेचे भाग झाले सतराशेहून जास्त. फरक कुणीतरी लिहूनच भरून काढला. नव्वदच्या दशकात नोबिता फारच गुणी होत गेला. डोरेमॉन तर शहाण्या मावशीसारखा वागू लागला. मूळ कॉमिकमधला डोरेमॉन स्वतः गोंधळ घालतो, चिडतो, उंदीर दिसला की थयथयाट करतो. तो वात्रटपणा गेला की उरतं ते गोड-गोड औषध.

२००५ मध्ये मालिकेनं सगळा नटसंच बदलला. २६ वर्षांचे आवाज एका झटक्यात गेले. जपानमध्ये मोठी माणसं हळहळली, नव्या वासाबी मिझुता यांच्या आवाजाला नावं ठेवली गेली. पण नव्या मालिकेनं एक गोष्ट बरोबर केली: ती मूळ कॉमिककडं परत गेली. जुन्या गोष्टी नव्यानं काढल्या, डोरेमॉनचा वेंधळेपणा परत आणला. सुरुवातीची काही वर्षं तर मला जुन्यापेक्षा उजवी वाटतात. पुढं पुन्हा तीच अडचण, गोष्टी संपतात. चालू आठवड्याचा भाग फुजिमोटोंच्या पानांवरून घेतलाय की टीव्हीसाठी नवा लिहिलाय, हे सवयीनं चटकन ओळखता येतं.

आणि आपण? आपल्याकडं हिंदी डोरेमॉन आला २००५ च्या सुमारासच. म्हणजे जपानमध्ये जुनी मालिका बंद होत होती, तेव्हा आपल्याकडं ती कोरी करकरीत होती. नंतर नवी आली. चेहरे जरा वेगळे, रंग फिके, आणि तुम्ही तोवर सहावी-सातवीत. मालिका बदलली आणि तुम्हीही बदललात, दोन्ही एकदमच. त्यामुळे आमच्या वेळचा म्हणताना नक्की कोणता, ते आधी तपासा. तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरणारे डोरेमॉनचे शेवट, नोबिता कोमात होता वगैरे, तेही सोडून द्या. फुजिमोटोंनी त्यातला एकही काढलेला नाही. १९७४ नंतर त्यांनी शेवट काढलाच नाही.

वाद मिटवायचा असेल तर मूळ कॉमिकच्या खंडांकडं जा. सहावा खंड डोरेमॉनच्या निरोपावर संपतो. फक्त तो रात्री उशिरा उघडणार असाल, तर सातवाही उशाशी असू द्या.