मार्कंडीकाठचा दत्तू

बेळगावात ज्यांच्या नळाला राकसकोपचं पाणी येतं, ते रोज मार्कंडी नदी पितात. नकाशावर तिचं नाव मार्कंडेय. शहराच्या पश्चिमेच्या डोंगरातून ती निघते, राकसकोपच्या धरणात अडते, मग हिंडलगा, कंग्राळी, काकती, कडोलीच्या शिवारांतून वळणं घेत गोकाककडे जाते आणि घटप्रभेला मिळते. पावसाळ्यात काठचं भात पाण्याखाली गेलं की तेवढ्यापुरती ती पेपरात येते. एरवी तिचं नाव कोण काढतंय!

या नदीवर एका माणसानं निबंध लिहिला, आणि तो गुजरातीत. नद्यांवरचं त्यांचं पुस्तक ‘लोकमाता’ १९३४ मध्ये निघालं, पुढे भर घालून त्याचं ‘जीवनलीला’ झालं. गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, तुंगभद्रा, सगळ्या मोठमोठ्या नद्या त्यात आहेत. पण सुरुवातीलाच भेटते ती आपली मार्कंडी. बाकीच्या नद्या आई आहेत, देवता आहेत. ही मात्र सखी. लेखकाचं नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. देशानं त्यांना काका म्हटलं, घरचे दत्तू म्हणायचे. मार्कंडीजवळचं बेळगुंदी हे त्यांच्या घरच्या शेतीवाडीचं गाव.

सीबीएसईच्या शाळेतून आलेल्या मित्रांना हे नाव हिंदीचे लेखक म्हणून आठवेल. नववीच्या ‘स्पर्श’ पुस्तकात ‘कीचड़ का काव्य’ असा त्यांचा धडा असायचा. चिखलावर कुणी एवढं प्रेमानं लिहील का, असं शहरी मुलांना वाटतं. बेळगुंदीकडचं रोपलावणीच्या दिवसातलं शेत ज्यांनी बघितलंय, त्यांना नाही वाटणार.

दत्तूचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्यातला. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेली गावचं, म्हणून कालेलकर. वडील सरकारी नोकरीत, हिशेबाच्या खात्यात. बदली होईल तिकडे बिऱ्हाड. शिवाय संस्थानांचे हिशेब तपासायचं काम आलं की तिकडचाही मुक्काम. सातारा, कारवार, बेळगाव-शहापूर, सावनूर, जत अशी त्या मुलाची शाळा फिरत राहिली. बैलगाडी, आगगाडी, कारवारला जायचं तर बोट. आजच्या भाषेत सांगायचं तर शिक्षणाचं पार वाटोळं. पण पुढे ज्यानं प्रवासवर्णनं लिहिली, त्याचा पाया इथंच पडला असं मला वाटतं. घरात मराठी, बाजारात कानडी, किनाऱ्यावर कोकणी. एक भाषा संपून दुसरी कुठं सुरू झाली याचा पत्ता लागायच्या आत गाडी पुढच्या गावाला लागलेली. हे सगळं लहानपण त्यांनी ‘स्मरणयात्रा’मध्ये लिहून ठेवलंय. त्यात पराक्रम नाही. शाळा चुकवणं, भीती, भावंडांची भांडणं, देवघर, गाडीवाटा. लहान मुलाला जे मोठं वाटतं ते सगळं तिथं मोठंच ठेवलंय, हे मला त्या पुस्तकात फार आवडतं.

१९०३ ला मॅट्रिक, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि १९०७ ला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. कॉलेजात बुद्धिवादाचं वाचन झालं आणि घरच्या देवघरावरची श्रद्धा डळमळली. मग विवेकानंद, भगिनी निवेदिता यांची पुस्तकं हाती आली आणि गाडी पुन्हा वळली, पण जुन्या जागी नाही. देवधर्माकडे ते आता संस्कृती म्हणून बघायला लागले. सण का आले, तीर्थं डोंगरात आणि संगमावरच का, नदीला बाईचं नाव का, हे प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरले.

पदवीनंतर कायद्याची पहिली परीक्षा देऊन झाली, पण वकिली काही केली नाही. ते बेळगावात गणेश विद्यालयात शिकवायला आले. मग ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काही काळ काम. १९१० मध्ये बडोद्याला गंगनाथ विद्यालयात गेले. तिथं शिक्षकांना सर-गुरुजी म्हणायची पद्धत नव्हती, घरातल्यासारखी नाती लावायची: कुणी मामा, कुणी अण्णा. पंचविशीतले कालेलकर काका झाले ते तिथं. ती शाळा राष्ट्रीय विचारांची, म्हणजे सरकारच्या डोळ्यांत खुपणारी. १९१२ मध्ये ती बंद पाडली गेली.

नोकरी गेली, शाळा गेली. बाकी कुणी दुसरी नोकरी बघितली असती. काका हिमालयात गेले. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. प्रयाग, काशी, गया, अयोध्या करत हरिद्वार, तिथून पायी यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री. पुढच्या वर्षी आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेश.

पण या प्रवासाचं पुस्तक निघालं १९२४ मध्ये. मधे बारा वर्षं गेली. ‘हिमालयाचा प्रवास’ वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. आपण आता डोंगराच्या पायथ्याशीच फोटो टाकतो, वर पोचायच्या आत लाइक मोजून होतात. या माणसानं हिमालय एक तप मनात ठेवला. त्यामुळे त्यात मैल, भाडं, मुक्काम यांची जंत्री कमी आहे. काय उरलं? चढावर भेटलेले साधू आणि यात्रेकरू, धर्मशाळेतली थंडी, पाण्याचे आवाज, आणि त्या जागेबद्दल आधी वाचलेलं-ऐकलेलं सगळं पुराण. प्रत्येक वळणावर त्यांना एखादी कथा आठवते. कधी कधी जरा जास्तच आठवते, हेही सांगतो. मला तर काही पानांवर कथा बाजूला सारून नुसता डोंगर बघावासा वाटला.

१९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजी भेटले. काका तिथं रवींद्रनाथांकडे राहायला गेले होते; पुढे गांधीजींच्या साबरमती आश्रमात दाखल झाले. आणि तिथं, तिशीत, त्यांनी गुजराती लिहायला घेतलं. कारण साधं होतं. समोरची मुलं गुजराती. त्यांना हिमालय सांगायचा तर त्यांच्या भाषेत सांगायला हवा. हे इतकं जमलं की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणत. गुजरातीच्या शुद्धलेखनाला तोवर धड शिस्त नव्हती. ती लावणारा ‘जोडणीकोश’ १९२९ मध्ये गुजरात विद्यापीठानं काढला. ते काम गांधीजींनी ज्यांच्यावर सोपवलं त्यांत काका होते. म्हणजे आपल्या बेळगुंदीचा माणूस गुजरातच्या लोकांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होता, बघा.

इथं आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास येतो: मग त्यांना मराठी लेखक म्हणायचं की नाही? मी निपाणीकडचा आहे. आमच्याकडे पाटी कुठल्या भाषेत, उतारा कुठल्या भाषेत, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, यावर घरं आणि गल्ल्या तापतात. ते तापणं खोटं नाही, त्यात लोकांची आयुष्यं गेलीत. त्यामुळे मायबोली सोडून दुसऱ्या भाषेत गेलेला माणूस म्हटलं की आपला आवाज लगेच चढतो. पण काकांनी मराठी टाकली नव्हती. स्वामी रामतीर्थांचं चरित्र त्यांनी तरुणपणीच मराठीत लिहिलं, रवींद्रनाथांच्या कवितेचं रसग्रहण मराठीत केलं. कायदेभंगाच्या काळात हिंडलग्याच्या तुरुंगात, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर, कैदेत होते. ‘हिंडलग्याचा प्रसाद’ हे त्यांचं पुस्तकही मराठीच. माझं उत्तर असं की भाषा त्यांनी एकावर एक घेतल्या, पहिली काढून दुसरी घातली नाही. गुजरातीतली त्यांची मार्कंडी वाचली की हा डोळा आपल्याकडचा आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

तुरुंग त्यांना बरेच घडले. १९३० मध्ये येरवड्याला ते गांधीजींच्या सोबतीला होते. त्याआधी साबरमतीच्या तुरुंगात असताना चार भिंतींच्या आत जे दिसलं त्यावर एक छोटं पुस्तक झालं: मुंग्या, कावळे, खारी, झाडं, वरचा आकाशाचा तुकडा. ज्याला हिमालय बघायची सवय त्याला मुंगीही पुरली. तारे ओळखण्याचा नादही त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्या मते हे तुरुंगाचं पुस्तक हिमालयाच्या पुस्तकाहून सरस आहे. इथं पुराण कमी, नजर जास्त.

आयुष्याचा पुढचा भाग पदांचा आहे. गुजरात विद्यापीठाचं कुलगुरूपद, हिंदुस्थानी प्रचाराचं काम, १९५२ ते १९६४ राज्यसभा, १९६४ ला पद्मविभूषण, १९६५ ला गुजराती पुस्तकासाठी साहित्य अकादमी पुरस्कार. पूर्व आफ्रिका आणि जपानवरही त्यांनी पुस्तकं लिहिली.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. १९५३ मध्ये देशाचा पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष काका होते. आयोगानं २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या. १९५५ मध्ये अहवाल राष्ट्रपतींकडे गेला, आणि त्यासोबतच्या लांबलचक पत्रात अध्यक्षांनीच जातीच्या आधारानं मागासलेपण ठरवण्याला विरोध नोंदवला. सरकारनं तो अहवाल स्वीकारला नाही. पुढचा आयोग, मंडल आयोग, १९७९ मध्ये नेमला गेला. जातीचं नाव घेऊन उपाय केला तर जात आणखी घट्ट होईल, ही काकांची भीती प्रामाणिक होती. मला ती पटत नाही. आमच्या भागात विडी वळणाऱ्या बायांच्या पोरींना कॉलेजचं दार उघडायला मधली चोवीस वर्षं फार होती. ज्यानं देशातल्या एवढ्या नद्यांचे काठ पालथे घातले, त्याला काठावरच्या गावातली वस्त्यांची वाटणी दिसली नसेल असं नाही. दिसली, पण तिच्यावरचा इलाज त्यांनी मनं बदलण्यावर सोडला. त्यांचं प्रवासलेखन वाचताना हे मला आठवत राहतं. सगळं काही एका सुंदर संस्कृतीत मिसळून जाताना दिसलं की मी जरा सावध होतो.

२१ ऑगस्ट १९८१ ला, पंचाण्णव वर्षांचं आयुष्य जगून, काका दिल्लीत गेले.

वाचायचं असेल तर हिमालयापासून सुरू करू नका. आधी ‘स्मरणयात्रा’ घ्या. त्यातली निम्मी गावं आपल्या बसच्या पाट्यांवर आहेत. मग नद्यांचं पुस्तक, आणि त्यातही आधी मार्कंडी. कृष्णेवरचा निबंध तिच्या पाठोपाठ वाचा. काका जन्मले ते सातारा कृष्णेच्या खोऱ्यातलं. आमची यमगर्णीच्या पुलाखालून जाणारी वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेलाच मिळते, आणि मार्कंडीचं पाणीही घटप्रभेतून शेवटी तिथंच जातं.