नारायण मेघाजी लोखंडे: गिरणीतला स्टोअरकीपर आणि थप्पीखालच्या माणसाचा हक्क

ॲपवर मागवलेलं बिस्किटांचं पाकीट दहा मिनिटांत दारात येतं, ते अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या गाळ्यातून. तिथे खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि त्यांच्यामधून तुमच्याच वयाची पोरं स्कॅनर घेऊन पळत असतात. थप्पी अंगावर कोसळली आणि महिनाभर घरी बसावं लागलं, तर त्या महिन्याचा पगार कोण देणार? मुंबईत हा प्रश्न १४० वर्षांपूर्वी लेखी मांडणारा माणूस स्वतःच एकेकाळी स्टोअरकीपर होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि नंतर मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी नोकरी केली. गिरणीत कामगार कसे राबतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र ते मुंबईतून चालवू लागले. आजच्या भाषेत सांगायचं तर कामगारांच्या हातात आलेलं हे पहिलं मोठं चॅनेल.

त्या वेळी १८८१ चा फॅक्टरी कायदा होता. यंत्रांना कुंपण घाला, अपघात कळवा, असं तो सांगायचा. पण जखमी माणसाच्या पोटाचं काय, यावर तो गप्प होता. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. त्याच यादीत आणखी एक मागणी होती, आणि मला तीच सर्वात धाडसी वाटते: कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर उपजीविकेची सोय व्हावी.

थप्पी पडते कशी?

यंत्राला कुंपण घालता येतं, पण थप्पी तर माणूस रोज नव्याने रचतो. तिचा गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर सरकला की ती कलंडते. थप्पी जितकी उंच आणि पाया जितका अरुंद, तितका लहानसा धक्का पुरतो. म्हणून जड माल खाली, हलका वर.

खोकी एकावर एक सरळ लावली तर भार कोपऱ्यांवर येतो, आणि पुठ्ठ्याची खरी ताकद कोपऱ्यातच असते. पण असे उभे खांब एकमेकांना धरून ठेवत नाहीत. विटांसारखी आडवी-उभी रचली तर थप्पी बांधली जाते, मात्र खालच्या खोक्यांवर दाब वाढतो. त्यामुळे पॅलेटवर सरळ रचलेल्या मालाला प्लास्टिक फिल्म गुंडाळतात. गोण्यांना आडवी-उभी रचनाच बरी. सिमेंटच्या गोण्या साधारणपणे दहापेक्षा उंच लावत नाहीत. मुंबईत यावर पावसाळ्याची भर. ओल धरलेला पुठ्ठा मऊ पडतो, तळाचं खोकं दबतं आणि काल सरळ असलेली थप्पी आज झुकलेली दिसते. सगळ्यात घातक सवय म्हणजे घाईत मधलं खोकं ओढून काढणं. घाई लावणारा मात्र थप्पीखाली नसतो.

लोखंड्यांच्या मागण्यांपैकी रविवार आधी मिळाला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले, त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली. १८९३ च्या दंग्यानंतर हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा घेतली. मग शहरात प्लेग आला. रुग्णांसाठी झटता झटता त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला, पन्नाशीही न गाठता, ते गेले.

भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये; लागू झाला १९२४ मध्ये, म्हणजे मागणीनंतर ४० वर्षांनी. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्यात थप्पी लावण्याचं काम नावानिशी आलं. दरम्यान परळच्या गिरण्या बंद पडल्या आणि गोदामं भिवंडीकडे सरकली.

तुम्ही किंवा तुमचा मित्र गोडाऊनमध्ये कामाला असाल, तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का ते आजच बघा. असेल तर अपघाताचे उपचार आणि पैसे त्या योजनेतून मिळतात. नसेल तर मालकाकडे कायदेशीर भरपाई मागायची, आणि त्यासाठी दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत लावावा लागतो. थप्पी पडली त्याच दिवशी फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि सुपरवायझरला मेसेज करून कळवा, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.