लक्ष्मीबाई टिळक : वैतागाचा संसार आणि श्रद्धेची वाट

लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राचा विचार करताना मराठी समीक्षेने सामान्यतः दोन वाटा चोखाळलेल्या दिसतात. एका वाटेने जाणारे अभ्यासक 'स्मृतिचित्रे'तील विनोद, प्रांजळपणा आणि बोलभाषेचा डौल यांवर लुब्ध होऊन तिथेच थांबतात. बाईंचे धर्मांतर त्यांच्या लेखी चरित्रातील एक घटना असते, वाङ्मयीन गुणांशी तिचा संबंध नसतो. दुसरी वाट पतीच्या पाठोपाठ गेलेल्या पतिव्रतेची. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले म्हणून लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, एवढ्यावर हा विषय मिटवला जातो. या दोन्ही दृष्टिकोनांतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. दैनंदिन जीवनातला वैताग, म्हणजे रोजची चूल, रोजचे पाणी, रोजचा रिकामा डबा आणि रोजचा विक्षिप्त नवरा, हे लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे मुख्य द्रव्य आहे. त्यांची श्रद्धाही याच द्रव्यातून घडलेली आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे या अंगाने पाहण्याचा विचार आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात त्या मनू. घरावर १८५७ची गडद छाया होती. उठावाच्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांच्या, म्हणजे नारायणराव गोखल्यांच्या, मनावर कायमचा परिणाम झाला. त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेड लागले. 'वेड' हा शब्द येथे अलंकारिक नाही. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज आत यायची नाही, स्पर्शास्पर्शाच्या नियमांना अंत नाही, आणि या साऱ्याचा भार घरातील बायकामुलांवर. मनूचे बालपण या धाकात गेले. विटाळाची ही भीती पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात तीसएक वर्षे घर करून राहिली. त्यांच्या धर्मांतराची कथा या घरापासूनच सुरू केली पाहिजे. ती बहुधा टिळकांपासून सुरू केली जाते, आणि तेथेच गल्लत होते.

१८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतबाहेर, त्यांचा विवाह झाला. वर नारायण वामन टिळक. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेले, शीघ्रकवी, वक्ते, आणि संसाराच्या बाबतीत संपूर्ण बेभरवशाचे. आज येथे तर उद्या तेथे. नोकरी धरावी आणि सोडावी. हातात पैसा आला की तो कोणाला तरी देऊन मोकळे व्हावे. काही न सांगता घरातून निघून जावे आणि एखाद्या दिवशी तितक्याच सहजतेने दारात उभे राहावे. पत्नी कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीच्या आश्रयाला. सासरे वामनराव कडक स्वभावाचे. पहिली अपत्ये बालपणीच गेली. १८९१ मध्ये देवदत्त जन्मला, तो जगला.

टिळकांचा राग भडक होता आणि प्रेमही तितकेच भडक होते. अशा माणसाबरोबरच्या संसारात मोठी शोकांतिका रोज घडत नाही. रोज घडतो तो लहान लहान अपेक्षाभंग. भाजीसाठी दिलेले पैसे भाजीच्या रूपाने घरी येत नाहीत. पाहुणे येतात तेव्हा घरात पीठ नसते. निरोप न देता नवरा परगावी जातो. दुःखाला प्रतिष्ठा असते, सहानुभूतीही मिळते. वैतागाला यांतले काहीच मिळत नाही. लक्ष्मीबाईंनी उतारवयात या वैतागाला वाङ्मयात स्थान दिले, हे त्यांचे मोठेपण आपण मान्य करतो. पण ज्या काळात तो त्या प्रत्यक्ष भोगत होत्या त्या काळात त्यांच्याजवळ विनोद होता असे समजण्याचे कारण नाही. भांडण होते, अबोला होता, रडणे होते. विनोद नंतर आला, आणि तो कोठून आला हा खरा प्रश्न आहे.

१८९३ मध्ये टिळक मध्यप्रांतातील राजनांदगावकडे निघाले असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचण्यास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना झपाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरात चार वर्षांचा मुलगा, नवरा जिवंत असूनही नाहीसा झालेला, आणि समाजाच्या दृष्टीने स्थिती सधवेची नाही नि विधवेचीही नाही. बहिणीच्या कुटुंबाने त्यांना सांभाळले. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. टिळकांची पत्रे येत राहिली. याच वियोगात लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, टिळकांच्या हाताखाली अक्षरओळख झालेल्या या बाईने आपल्या व्यथेला पद्यरूप द्यावे, ही घटना मराठी कवयित्रींच्या इतिहासात एरवीही नोंदण्यासारखी आहे.

पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या. पण ख्रिस्ती होण्यासाठी गेल्या नाहीत. आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच त्यांनी नगर येथे नवऱ्याच्या जवळ राहावयाचे ठरवले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवरा अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, भोवती ख्रिस्ती वस्ती, त्यात महार-मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने. आणि या साऱ्यांच्या मध्यभागी जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी आपल्या घागरीला कोणाचा हात लागू नये म्हणून जिवाचे रान करीत आहे. हे चित्र हास्यास्पद आहे हे प्रथम त्यांनाच कळले. मात्र ते कळायला वेळ लागला.

येथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे आणि तो पतिव्रतेच्या कथेत बसत नाही. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार करण्यापूर्वी जातिभेद सोडला. उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे उगवला, आणि एकदा तो पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. तेव्हा त्या अजून ख्रिस्ती नव्हत्या. टिळक ग्रंथातून गेले, बाई पाण्यातून गेल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वडिलांच्या वेडाने ज्या पाण्याला भयाचे रूप दिले होते ते पाणी त्यांनी परक्या हातातून घेतले, त्या क्षणी त्यांच्या आयुष्यातला निम्मा वैताग गळून पडला. दिवसाचा केवढा तरी वेळ आणि शक्ती जे जपण्यात जात होती ते जपण्याची गरजच उरली नाही. १९०० मध्ये मुलासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर पाच वर्षे लोटली होती. पाच वर्षे टिळकांच्या आग्रहाला, युक्तिवादांना आणि कवितांना दाद न देणारी ही स्त्री अनुगामिनी होती असे म्हणणे तिच्यावर अन्यायकारक आहे.

श्रद्धेने लक्ष्मीबाईंच्या संसारातील अडचणी दूर झाल्या का? अजिबात नाही. टिळक ख्रिस्ती होऊनही टिळकच राहिले. किंबहुना दानशूरतेला आता धर्माचे अधिष्ठान मिळाल्याने ते अधिकच बेफाम झाले. दुष्काळ आणि प्लेग यांनी त्या काळी नगर जिल्हा होरपळून निघत होता. अनाथ मुले, आजारी माणसे, आश्रयाला आलेले विद्यार्थी यांनी घर भरलेले असे. बदल झाला तो असा की, पूर्वी जे केवळ अंगावर येऊन पडत असे ते आता लक्ष्मीबाई स्वतः पत्करू लागल्या. प्लेगच्या साथीत त्या रुग्णांच्या सेवेत उतरल्या. परक्यांची मुले घरी आणण्यात टिळकांच्या बरोबरीने त्यांचाही हात होता. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ती आज्ञा त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून कधी मांडली नाही. त्यांच्या घरी तिचे रूप आणखी एक पान वाढण्याचे होते. आणि पान वाढताना त्या कुरकुरतही असत, हेही विसरता कामा नये. संतपदाला पोचलेली सोशीक गृहिणी त्यांच्या चरित्रात शोधणाऱ्यांची निराशा होते. ते ठीकच आहे.

या घरात आलेल्यांपैकी एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, बालकवी. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनाच्या सुमारास टिळकांचे लक्ष या मुलावर गेले आणि पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळकांनी त्याच्यातील कवी ओळखला. लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट, रुसवे आणि भूक ओळखली. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या स्वयंपाकघराची दखल फारशी घेतलेली नाही. एका हिंदू ब्राह्मण कुमाराला ख्रिस्ती घरात आईची माया मिळते आणि त्याच्या धर्माला कोणी हात लावत नाही, हा त्या काळातील अपूर्व प्रसंग होता. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवी गेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. परदेशी पद्धतीच्या संघटनेत न अडकता, भारतीय वळणाने, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तप्रेमींना एकत्र आणावे ही त्यामागची कल्पना. धर्मेतिहासाच्या दृष्टीने ती मोठीच. परंतु तिचा एक अर्थ असा होता की घरात दरमहा येणारी रक्कम बंद झाली. संन्यास घेणाऱ्याच्या त्यागाची इतिहास नोंद करतो, संन्याशाच्या घरच्या हिशेबाची करीत नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. ख्रिस्ती समाजाच्या रूढीला धरून हे नव्हते.

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या, आणि त्यांचे वाङ्मयीन कर्तृत्व मुख्यतः या सतरा वर्षांतले आहे. देवदत्त वडिलांच्या चरित्राची साधने जमवीत होते; त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. चरित्रासाठी टिपणे म्हणून जे सुरू झाले ते 'संजीवनी' साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' या नावाने चार भागांत ग्रंथरूप झाले. ज्या संसारात राग गिळावा लागला त्याच संसाराकडे आता त्या ज्या नजरेने पाहतात तिच्यात कडवटपणाचा लवलेश नाही. त्याचबरोबर टिळकांचा एकही दोष झाकलेला नाही. सत्य आणि क्षमा या दोहोंचे हे एकत्र नांदणे दुर्मीळ आहे. तक्रारीच्या सुरातील आत्मचरित्रात सत्य असते, क्षमा नसते. गौरवपर चरित्रात क्षमा असते, पण तिला क्षमा करण्यासारखे काही दिसतच नाही. लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्याला जेवढ्या हसतात तेवढ्याच टिळकांच्या विसरभोळेपणाला हसतात. मला वाटते, त्यांच्या विनोदाचा उगम या समान वाटणीत आहे. आणि ही समान वाटणी त्यांच्या श्रद्धेला परकी नाही. आपणही क्षमेचे गरजू आहोत हे ज्याला मनापासून उमगले आहे, त्याला दुसऱ्याच्या चुकीचा हिशेब ठेवता येतो, पण वसुली करता येत नाही.

आश्चर्य असे की, या ग्रंथात धर्मोपदेश जवळपास नाही. ख्रिस्ताचा उल्लेख आवश्यक तेथेच. धर्मांतराच्या ठिकाणी एखाद्या मिशनरी चरित्रात जेथे दिव्य प्रकाश पडला असता तेथे येथे घरातली भांडी आहेत. काही ख्रिस्ती वाचकांना ही उणीव वाटू शकेल, तर इतर वाचकांना ही सोय. त्यामुळे धर्म वगळून पुस्तक वाचण्याची सवय रूढ झाली. वस्तुतः धर्म तेथे विधानांत नसून दृष्टीत आहे, म्हणून तो वगळता येत नाही. जोझेफीन इंकस्टर यांचा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचा २०१७ मध्ये निघाला. मराठी बोलीचा ठसका गेल्यावर काय उरते हे तपासण्यासाठी ते मुळाशेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरेल.

उपदेश शोधायचाच असेल तर तो दुसरीकडे आहे. टिळकांनी १९०९ मध्ये ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. आयुष्यभर टिळकांनी अर्धवट टाकलेली कामे निस्तरण्याची त्यांना सवय होती; हे त्यांतले सर्वांत मोठे. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. काव्यगुणांत टिळकांचे अध्याय सरस ठरतील, यात शंका नाही. परंतु औपचारिक शिक्षण नसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रीने एकीकडे संसाराची गोष्ट गद्यात आणि दुसरीकडे ख्रिस्ताची गोष्ट ओवीत एकाच हाताने लिहावी, या दोन लेखनांचा परस्परसंबंध तपासावा, असे अभ्यासकांना अजून पुरेसे वाटलेले नाही. पहिल्याचे कौतुक अमाप झाले, दुसरे ग्रंथालयात राहिले. 'भरली घागर' हा त्यांचा कवितासंग्रहही मरणोत्तर, १९५१ मध्ये निघाला. शीर्षकातली घागर जलालपूरच्या वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये छापून बाहेर पडले, तेव्हा ते आरंभणारा आणि पुरे करणारी, दोघेही हयात नव्हती.