छागला साहेबांनी खुर्ची सोडली तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी भूषण गवई साहेब सरन्यायाधीश पदावरून निवृत्त झाले. अमरावतीच्या बौद्ध घरातला माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला, याचा आनंद आपल्या वाशिम जिल्ह्यातही सगळ्यांना झाला होता. पण आम्हाला जास्त कौतुक वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, हे त्यांनी खुर्चीवर असतानाच सांगून टाकले. न्यायाधीशाने राजीनामा देऊन निवडणूक लढवली किंवा उतरल्याबरोबर सरकारी नेमणूक घेतली, तर लोकांचा विश्वास डळमळतो, असेही ते जाहीरपणे म्हणाले होते. त्यावर आमच्यातल्या काही तरुणांनी विचारले की यात एवढे काय? निवृत्त माणसाने पद घेतले तर बिघडते कुठे? त्यांच्यासाठी आज न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांची हकिगत सांगत आहोत.

नाव मुंबईचे असले तरी छागला आपल्याला परके नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आपला जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे हायकोर्ट होते. ते गेले आणि तिथे मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ बसू लागले. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशाच्या हायकोर्टात, जबलपूरला गेले. म्हणजे आमचे आजी-आजोबा नवे बौद्ध झाले त्यानंतर महिन्याच्या आतच त्यांचे हायकोर्टही बदलले, आणि त्या नव्या हायकोर्टाचे प्रमुख होते छागला.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० चा, मुंबईतल्या खोजा मुस्लीम व्यापारी घरातला. ऑक्सफर्डला इतिहास शिकून, बॅरिस्टर होऊन १९२२ मध्ये ते परतले आणि जिनांच्या चेंबरमध्ये काम करू लागले. राजकारणातही जिनांच्याच मागे होते. १९२८ च्या नेहरू अहवालावरून दोघांचे बिनसले आणि छागला मुस्लीम लीगपासून कायमचे दूर झाले. त्याच सुमारास ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते. बाबासाहेबही तिथे प्राध्यापक होते. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण कायदा शिकवायला दोघे एकाच इमारतीत जात होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९४१ मध्ये छागला हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ ला मुख्य न्यायमूर्ती. त्या खुर्चीवर ते अकरा वर्षे होते. पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीवरून भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, तेव्हा भारताच्या वतीने त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून तेच बसले. न्यायाधीश म्हणून ते सरकारला घाबरणारे नव्हते, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा १९५८ सालचा आहे. नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. प्रकरण लोकसभेत गाजले. नेहरूंनी छागलांचा एकसदस्यीय आयोग नेमला. छागलांनी सुनावणी उघड ठेवली. गर्दी इतकी, की बाहेरच्यांना ऐकू जावे म्हणून लाउडस्पीकर लावावे लागले. काही आठवड्यांत अहवाल तयार! आजच्या आयोगांची मुदतवाढ पाहणाऱ्यांना हे खरे वाटणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना त्यांनी जबाबदार धरले आणि फेब्रुवारीत मंत्र्यांना पद सोडावे लागले.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पुढची अवघड आहे.

त्याच काळात छागला पहिल्या विधी आयोगाचे सदस्य होते. अध्यक्ष होते अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवरचा आयोगाचा चौदावा अहवाल सप्टेंबर १९५८ मध्ये सरकारकडे गेला. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी नोकरी स्वीकारू नये, अशी शिफारस त्यात होती, कारण अशा आशेने न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याला धक्का बसतो. ही शिफारस करणाऱ्यांत छागलाही होते. आणि त्याच वर्षी नेहरूंनी विचारले, तेव्हा मुख्य न्यायमूर्तिपद सोडून ते भारताचे राजदूत म्हणून अमेरिकेला गेले.

हायकोर्टाच्या न्यायाधीशाचे निवृत्तीचे वय तेव्हा साठ होते; बासष्ट झाले ते १९६३ च्या घटनादुरुस्तीने. म्हणजे छागलांची जवळपास दोन वर्षे बाकी होती. निवृत्तीची तारीख घटनेने ठरवलेली असते, राजीनाम्याची तारीख मात्र न्यायाधीश स्वतः ठरवतो. राष्ट्रपतींना सहीचे पत्र लिहिले की झाले. सगळे राजकारण शिरते ते याच फटीतून. सेटलवाडांना हे फार लागले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी छागलांवर उघड टीका केली आहे.

छागला विकले गेले असे आम्ही म्हणत नाही. ज्याने त्याच वर्षी अर्थमंत्र्याला घरी पाठवले, त्याच्यावर तसा आरोप टिकणारच नाही. पण म्हणूनच हे उदाहरण जास्त नुकसानीचे ठरले असे आम्हाला वाटते. इतका ताठ माणूस खुर्चीवरून उठून थेट सरकारच्या सेवेत जाऊ शकतो, तर मग कमी ताठ माणसांना कोण काय बोलणार? १९६७ मध्ये सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी राजीनामा देऊन विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे बहारुल इस्लाम काँग्रेसतर्फे लोकसभा लढवण्यासाठी निवृत्तीच्या तोंडावर बाहेर पडले. २०२४ मध्ये कोलकाता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय राजीनामा देऊन काही दिवसांत भाजपमध्ये गेले आणि खासदार झाले. पक्ष वेगवेगळे, वाट एकच.

इथे बाबासाहेबांचे नाव टाळून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. घटना समितीत १९४९ मध्ये के. टी. शहा यांनी सुचवले होते की न्यायाधीशांना नंतर सरकारी पद घेण्यास बंदी असावी. बाबासाहेबांनी ती सूचना मानली नाही. न्यायालयापुढे येणारे बहुतेक वाद नागरिका-नागरिकांतले असतात, त्यात सरकारचा संबंध क्वचित येतो, म्हणून सरकार न्यायाधीशाला वश करण्याची शक्यता फार कमी, असे त्यांचे म्हणणे होते. १९४९ चा विचार केला तर त्यात तथ्य होते. आज नागपूर खंडपीठात आपली माणसे जातात ती जात पडताळणीसाठी, नोकरीतल्या आरक्षणासाठी, जमिनीच्या मोबदल्यासाठी. समोर जवळजवळ प्रत्येक वेळी सरकारच असते. वाशिमहून एक दिवस मोडून, मजुरी बुडवून गेलेल्या माणसाला समोरचा न्यायाधीश पुढच्या वर्षी कुठे असेल, ही शंका परवडणारी नाही. गृहीतक बदलले तर नियम पुन्हा तपासावा, हे बाबासाहेबांच्याच पद्धतीला धरून आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला नंतर सरकारी पद घेण्यास घटनेत बंदी आहे. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला बंदी आहे ती आपल्याच कोर्टात वकिली करण्याची.

छागलांचे पुढचे आयुष्य मोठे होते. वॉशिंग्टननंतर लंडनला उच्चायुक्त, १९६३ पासून शिक्षणमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. कोठारी आयोग त्यांच्याच काळात नेमला गेला. विद्यापीठांतल्या भाषेच्या धोरणावर मतभेद झाले, तेव्हा सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचाही राजीनामा दिला आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. मुंबई हायकोर्टात ते वकील म्हणून उभे राहू शकत नव्हते. आणीबाणीत, पंचाहत्तरीच्या वयात, ते अहमदाबादच्या सभेत इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध उघडपणे बोलले. तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. ९ फेब्रुवारी १९८१ ला मुंबईत त्यांचे निधन झाले. चौदाव्या अहवालातल्या त्या शिफारशीचा कायदा तोवर झालेला नव्हता, आणि अजूनही झालेला नाही.