एदुआर ल्युका

फ्रांस्वा एदुआर आनातोल ल्युका (जन्म: ४ एप्रिल १८४२, आमियँ, मृत्यू: ३ ऑक्टोबर १८९१, पॅरिस) हे फ्रेंच गणितज्ञ व शिक्षक होते. २ चा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, हे त्यांनी १८७६ मध्ये दाखवून दिले. केवळ हाताने आकडेमोड करून शोधलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होय.

जीवन

ल्युका यांचे उच्च शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत झाले. पुढे त्यांनी पॅरिस वेधशाळेत काम केले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर त्यांनी मुलँ येथे आणि नंतर पॅरिसमधील सँ-लुई व शार्लमान्य या विद्यालयांत गणित शिकवले.

३९ अंकी मूळ संख्या

मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये, २ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते याची यादी दिली होती. तीत ६७ व १२७ हे घातांक होते. १२७ या घातांकाची संख्या अशी:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

एवढ्या मोठ्या संख्येला लहान-लहान मूळ संख्यांनी भागून पाहणे मनुष्याच्या आयुष्यात शक्य नव्हते. ल्युका यांनी निराळा मार्ग काढला. ३ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. १२७ या घातांकासाठी १२६ व्या पदाची बाकी शून्य आली, तर ती संख्या मूळ ठरते. २ चा ७वा घात वजा १, म्हणजे १२७, या संख्येसाठी पदे ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी येतात. सहावे पद शून्य असल्याने १२७ मूळ आहे.

घातांक ६७ बाबत मात्र मर्सेन चुकले होते. ती संख्या संयुक्त असल्याचे ल्युका यांनी अवयव न शोधताच दाखवले. तिचे अवयव, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये दिले.

अन्य कार्य

फिबोनाची श्रेणीला हे नाव ल्युका यांनी रूढ केले. १८८३ मध्ये त्यांनी टोपणनावाने ‘हानोईचा मनोरा’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याला काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची कल्पित कथा जोडली गेली. त्या चकत्या हलवण्यास लागणाऱ्या किमान चालींची संख्याही २ चा ६४वा घात वजा १ अशीच आहे. परंतु ती मूळ नाही.

मृत्यू व वारसा

मार्सेय येथील विज्ञान परिषदेच्या मेजवानीत फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा उडून ल्युका यांच्या गालाला जखम झाली. ती चिघळून वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही सिद्धतांत उणिवा राहिल्या होत्या. डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये त्या दूर करून कसोटी सोपी केली. ल्युका यांच्या संख्येहून मोठी मूळ संख्या १९५१ मध्ये, म्हणजे ७५ वर्षांनी, गणनयंत्राच्या साहाय्याने सापडली. आज संगणकावर प्रचंड मर्सेन मूळ संख्या पडताळताना ल्युका-लेहमर कसोटीच वापरली जाते.