अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने सांगितलं, प्रोग्रामर नावाचा व्यवसायच नसतो. त्याच माणसाचं गणित आज आपल्याला रस्ता दाखवतंय

साल १९५७. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात एक तरुण लग्नाची नोंद करायला गेला. तिथल्या नियमाप्रमाणे व्यवसाय सांगावा लागायचा. त्याने सांगितलं, प्रोग्रामर. नगरपालिकेने ते मान्य केलं नाही, कारण असा काही व्यवसाय असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्या लग्नाच्या कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहिलं गेलं.

त्या तरुणाचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे नाव परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास घोकलेलं असतं. बाकीच्यांनी ते ऐकलेलं नसलं तरी फोनवर नकाशा उघडून रस्ता शोधताना आपण सगळेच त्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना वापरत असतो. पण त्या एका गणितापुरती त्यांची ओळख ठेवली तर मोठा भाग निसटतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आपल्या कामाची जबाबदारी घ्यावी, यासाठी हा माणूस पन्नास वर्षं भांडला.

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितात पारंगत. मुलाला मात्र कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. शाळेत गणित आणि विज्ञानात इतके मार्क पडले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्याला विज्ञानाकडे वळवलं. (हे दृश्य आपल्याकडच्या घरांत किती वेळा घडलंय, सांगायला नको.) लायडेन विद्यापीठात भौतिकशास्त्र सुरू झालं.

१९५१ मध्ये वडिलांना इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या तीन आठवड्यांच्या कोर्सची जाहिरात दिसली. विषय होता इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरसाठी प्रोग्रामिंग. भौतिकशास्त्रात उपयोग होईल म्हणून डाइक्स्ट्रा तिकडे गेले. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात कॉम्प्युटर विभाग सांभाळणाऱ्या व्हान वाइनगार्डन यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी नोकरीच देऊ केली. मार्च १९५२ पासून डाइक्स्ट्रा तिथे अर्धवेळ काम करू लागले.

तीनेक वर्षं ओढाताण चालली. भौतिकशास्त्र हा प्रतिष्ठेचा विषय. आणि प्रोग्रामिंग? त्यात ना सिद्धांत, ना शिस्त. ज्याला हातचलाखी जमते तो हुशार, एवढीच मोजपट्टी. १९५५ च्या सुमारास ते व्हान वाइनगार्डन यांच्याशी मोकळेपणाने बोलले. हा विषय अजून शास्त्र झालेला नाही हे त्यांनी कबूल केलं, पण कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, मग त्याला शास्त्र बनवणाऱ्यांपैकी तूच एक का होऊ नयेस, असं सुचवलं. डाइक्स्ट्रांचा निर्णय झाला.

आता त्या प्रसिद्ध गणिताकडे येऊ.

१९५६ मध्ये गणित केंद्राने अरमॅक नावाचा नवा कॉम्प्युटर तयार केला. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळणार नव्हतं. त्यांना प्रश्न आणि उत्तर दोन्ही समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं. डाइक्स्ट्रांनी प्रश्न निवडला की एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता?

एका सकाळी ते होणारी बायको रिया डेबेट्स यांच्यासोबत खरेदीला गेले होते. रियाही गणित केंद्रातच, हाताने आकडेमोड करणाऱ्या मुलींच्या गटात कामाला होत्या. फिरून दमल्यावर दोघं एका कॅफेच्या बाहेर कॉफी प्यायला बसले आणि तिथेच, साधारण वीस मिनिटांत, हातात कागद-पेन्सिल नसताना डाइक्स्ट्रांनी उत्तर काढलं. कागद नव्हता म्हणूनच रीत इतकी साधी राहिली, असं ते पुढे सांगायचे. नको ती गुंतागुंत डोक्यात मावतच नाही.

रीत खरंच साधी आहे. समजा रॉटरडॅमहून उत्तरेच्या ग्रोनिंगनला जायचंय. सगळे रस्ते तपासत बसायचं नाही. रॉटरडॅमला जोडलेल्या गावांपैकी सगळ्यात जवळचं गाव घ्यायचं आणि त्याचं अंतर पक्कं करायचं. त्या गावातून पुढे जाणारे रस्ते यादीत टाकायचे. आता यादीत रॉटरडॅमपासून सगळ्यात जवळ कोण? त्याचं अंतर पक्कं. एकदा पक्कं झालेलं अंतर पुन्हा उकरायचं नाही, कारण लांबच्या गावावरून वळसा घालून ते कमी होणं शक्यच नाही. असं करत ग्रोनिंगनचा नंबर लागला की काम झालं. अरमॅकवरच्या नकाशात ६४ शहरं घेतली होती. सहा बिटमध्ये बरोबर ६४ क्रमांक मावतात, म्हणून ६४.

ही रीत छापून यायला १९५९ साल उजाडलं. लेख जेमतेम तीन पानांचा होता. आजच्या नकाशांमध्ये कोट्यवधी चौक असतात, त्यामुळे ही रीत जशीच्या तशी वापरली जात नाही, तिच्यावर बऱ्याच सुधारणा झाल्यात. पण पाया तोच. इंटरनेटवर तुमचा डेटा कुठल्या वाटेने जावा, हे ठरवणाऱ्या एका मुख्य पद्धतीतही हेच गणित चालतं.

१९६० मध्ये त्यांनी याप झोनेवेल्ट या सहकाऱ्यासोबत अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर लिहिला, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्राम मशीनला कळेल अशा सूचनांत बदलणारं सॉफ्टवेअर. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. काम संपलं, झोनेवेल्टनी दाढी काढली. डाइक्स्ट्रांनी ती शेवटपर्यंत ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंटहोवनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले, तेही गणिताचे. इथे त्यांनी एकाच मशीनवर अनेक कामं एकमेकांच्या पायात न येता कशी चालवायची यावर काम केलं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून सिग्नल असतो. त्यावरूनच त्यांनी आपल्या युक्तीला सेमाफोर असं नाव दिलं. तुमच्या फोनमध्ये या क्षणी गाणं, मेसेज आणि हे पान एकत्र चालू असेल, तर त्यामागे या विचाराचा वारसा आहे.

याच काळात त्यांना एक गोष्ट खटकू लागली. प्रोग्राम मोठे होत होते आणि लिहिणाऱ्यांनाच ते कळेनासे झाले होते. तेव्हा गो टू नावाची सूचना सर्रास वापरली जायची. अर्थ असा की इथून उडी मार आणि अमुक ओळीवर जा. एखादा सरकारी अर्ज भरताना पान ७ बघा, तिथून पान ३ वरचा रकाना बघा, तिथून परत मागे या असं झालं तर आपण कुठे आहोत हेच कळत नाही ना, तसं. मार्च १९६८ मध्ये एका नामांकित मासिकात डाइक्स्ट्रांचा याविरुद्धचा छोटा लेख आला. संपादक निकलाउस विर्ट यांनी तो पत्र म्हणून छापला आणि गो टू ही सूचना घातक आहे अशा अर्थाचं भडक शीर्षक दिलं. मग जो वाद पेटला तो कितीतरी वर्षं विझला नाही. डोनाल्ड नूथ यांनी तर १९७४ मध्ये भलामोठा लेख लिहून गो टू कुठे उपयोगी पडतं ते दाखवलं. तरीही आजच्या बहुतेक भाषांत ही उडी जवळपास दिसत नाही, म्हणजे वाद कोण जिंकलं ते उघड आहे.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा सन्मान. व्यासपीठावर त्यांनी फुशारकी मारली नाही, उलट नम्रतेवर भाषण दिलं. मुद्दा असा की मशीन हजारो पटींनी ताकदवान होतंय, माणसाचं डोकं मात्र तेवढंच आहे. म्हणून प्रोग्रामरने आपल्या मर्यादा ओळखून, समजेल एवढंच आणि समजेल अशाच रीतीने लिहावं. चाचणी घेऊन चुका सापडतात, पण चूक उरलेलीच नाही हे चाचणीने कधीच सिद्ध होत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. प्रोग्राम लिहितानाच तो बरोबर असल्याची गणिती सिद्धता सोबत घडवत न्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. डाइक्स्ट्रांना यात काहीच नवल वाटलं नसतं.

खरी गंमत त्यांच्या लिखाणात आहे. आयुष्यभरात त्यांनी १३०० हून अधिक टिपणं लिहिली. प्रत्येकाला ईडब्ल्यूडी ही स्वतःची आद्याक्षरं आणि एक क्रमांक. आधी टाइपरायटरवर, नंतर माँ ब्लाँच्या शाईच्या पेनाने, सुबक अक्षरात, जवळपास खाडाखोड न करता. याच्या झेरॉक्स प्रती ते ओळखीच्या काही लोकांना पोस्टाने पाठवत, ते आणखी प्रती काढून पुढे देत. फॉरवर्डची ही पद्धत व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीची. त्यांच्या हस्ताक्षराचा पुढे कॉम्प्युटर फॉन्टही निघाला. ते स्वतः मात्र कॉम्प्युटरपासून लांबच. उतारवयात एक मॅकिंटॉश घेतला, तोही ईमेल आणि वेब बघण्यापुरता. घरात टीव्ही नव्हता.

या टिपणांत गणित आहे, प्रवासवर्णन आहे आणि भरपूर टोमणे आहेत. एका मालिकेत त्यांनी गणिताचा कारखाना असलेली काल्पनिक कंपनी उभी केली आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं. ही कंपनी प्रमेयं बनवून विकते. एका प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्याचं उत्तर तिच्याकडे आहे, पण ते व्यापारी गुपित असल्याने दाखवता येत नाही आणि वापरणाऱ्याने रॉयल्टी मात्र द्यायची. निशाणा अर्थातच सॉफ्टवेअर कंपन्यांवर होता. आत काय चाललंय ते दाखवायचं नाही, बरोबर असल्याची हमी द्यायची नाही, पैसे मात्र मोजून घ्यायचे.

१९७८ च्या सुमाराचं एक टिपण तर आज वाचलंच पाहिजे. कॉम्प्युटरला साध्या बोलीभाषेत सूचना द्याव्यात ही कल्पना त्यांनी मूर्खपणाची ठरवली होती. बोलीभाषेत अर्थहीन वाक्यसुद्धा अर्थपूर्ण वाटतं, हे त्यांचं कारण. चिन्हांची काटेकोर भाषा ही कटकट नसून सोय आहे आणि गणिताने झेप घेतली तीसुद्धा शब्द सोडून चिन्हं धरल्यावरच, असं त्यांचं म्हणणं. आज एआयला दोन ओळी सांगून कोड लिहून घेणाऱ्या पिढीला (आमचीच पिढी, दुसरी कुठली) हे झोंबेल. कोड चालतो, पण तो काय करतोय हे विचारलं की गडबड होते. कोडच्या ओळी किती लिहिल्या हे कमाईसारखं मिरवू नका, तो खर्च समजा, हेही त्यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय. आणि यंत्र विचार करू शकतं का, या प्रश्नाला त्यांनी पाणबुडी पोहते का या प्रश्नाइतकीच किंमत दिली होती.

पण हा माणूस सोपा नव्हता. कोबोल ही भाषा शिकवणं गुन्हा ठरवावा इथपर्यंत ते गेले होते, आणि त्याच कोबोलवर आजही कित्येक बँकांचे व्यवहार चालतात. विद्यार्थ्यांना पहिल्या कोर्समध्ये कॉम्प्युटरला हातच लावू देऊ नये, कागदावर सिद्धता शिकवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. महिन्याअखेरीस काम पूर्ण करून द्यायचं असलेल्या माणसाने काय करावं, याचं पटणारं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं असं मला वाटतं. लाखो ओळींच्या प्रोग्रामची सिद्धता हाताने मांडणं कुणालाच परवडलं नाही. उपमा देऊन कॉम्प्युटर समजावण्यावरही त्यांचा राग होता, तेव्हा वरच्या सरकारी अर्जासाठी मला त्यांनी नापासच केलं असतं.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमध्ये गेले आणि १९९९ ला निवृत्त झाले. तिथे त्यांनी एक फोक्सवॅगन कॅम्पर गाडी घेतली. सुट्टीत रियासोबत राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायची. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या ट्युरिंग मशीनवरून गाडीचं नाव ठेवलं टूरिंग मशीन. टोमण्यांपलीकडे एवढा विनोदही होता.

कॅन्सर बळावल्यावर २००२ मध्ये दोघं नेदरलँड्समधल्या न्यूनन गावी, आपल्या जुन्या घरी परतले. शेवटच्या टिपणावर क्रमांक आहे १३१८ आणि तारीख त्याच वर्षीच्या एप्रिलची. ६ ऑगस्ट २००२ रोजी ते गेले.

त्याआधी काही दिवस एक पुरस्कार जाहीर झाला होता. १९७४ मध्ये त्यांनी दोन पानांचा लेख लिहिला होता. एकमेकांना जोडलेली अनेक मशीन कुठल्याही बिघाडानंतर, कुणीही वरून हुकूम न देता, स्वतःहून पुन्हा ताळ्यावर कशी येतील याबद्दलचा. जवळजवळ दहा वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका भाषणात त्याचं महत्त्व सांगितलं, तेव्हा लोक जागे झाले. २००२ चा पुरस्कार त्याच लेखाला मिळाला आणि पुढच्या वर्षीपासून त्या पुरस्कारालाच डाइक्स्ट्रा यांचं नाव देण्यात आलं.