आकाशवाणीचे संगीतनिष्ठ मंत्री : डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

थोरांची चरित्रे दोन कारणांसाठी वाचावयाची असतात : त्यांनी काय साधले हे जाणण्यासाठी आणि त्यांच्या हातून काय निसटले हे ओळखण्यासाठी. जुन्या संगीताची जन्मभर उपासना करणारे आणि ते संगीत नभोवाणीच्या द्वारे घरोघर पोहोचविण्यासाठी झटणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे चरित्र या दोन्ही दृष्टींनी मननीय आहे.

१९०३ साली एका महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. राष्ट्रीय चळवळीच्या प्रेरणेने ते काशी विद्यापीठात शिकले व पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. राजकारणाच्या धकाधकीतही त्यांनी धृपद गायनाची तालीम घेतली होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. १९५२ साली पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते सोपविले. १९४२ ते १९४५ या काळात आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवास भोगलेले हेच ते पंडितजी. हे खाते केसकरांनी १९६२ पर्यंत सलग दहा वर्षे सांभाळले.

संस्थाने विलीन झाली, तेव्हा गवयांचा राजाश्रयही संपला. तो आश्रय आता आकाशवाणीने द्यावा, ही केसकरांची धारणा होती. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे श्रेष्ठ कलावंत देशभर एकाच वेळी ऐकू येऊ लागले. त्याच वर्षी वाद्यवृंद स्थापन झाला. १९५४ साली आकाशवाणी संगीत संमेलनास प्रारंभ झाला. जी गायकी ऐकण्यासाठी पूर्वी पुण्यामुंबईची मैफल गाठावी लागे, ती नगर जिल्ह्यातील रेडिओसंचावर उतरली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. १९५६ साली याच केंद्राने खेड्यांतील श्रोत्यांच्या मंडळांचा प्रयोग केला, त्या पाच जिल्ह्यांत आपला जिल्हाही होता. या साऱ्या घटना केसकरांच्याच कारकीर्दीतील होत.

परंतु निष्ठा जेव्हा आग्रहाचे रूप घेते, तेव्हा तिची किंमतही द्यावी लागते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे केसकरांचे ठाम मत होते. त्यांनी या गीतांचे प्रमाण घटविले, त्यांची छाननी सुरू केली आणि जाहिरात होते म्हणून चित्रपटाचे नाव सांगणेही बंद केले. निर्मात्यांनी चिडून गाण्यांची परवानगीच काढून घेतली. परिणामी चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. श्रोत्यांनी मात्र ते सोडले नाही. त्यांनी संचाचा काटा सिलोनकडे वळविला. १९५२ च्या डिसेंबरात तेथून अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि अवघा देश तिच्या नादी लागला. ख्यातनाम कलावंतांनाही ध्वनिचाचणी देण्याची सक्ती झाल्याने गायकवर्गातही असंतोष उसळला. हार्मोनियमवरील जुनी बंदीही केसकरांनी उठविली नाही.

तथापि केवळ निषेध करून ते थांबले नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. चित्रपटगीतांस पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताची स्वतंत्र निर्मिती हाती घेतली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने वर्षभर प्रसारित केलेले गीतरामायण हे अशा निर्मितीचे मराठीतील परमोच्च फळ होय. गदिमांची छप्पन्न गीते व सुधीर फडक्यांचे संगीत यांनी आबालवृद्धांस वेड लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत सन्मानाने स्वगृही परतले.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले. पुढे त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टची धुरा वाहिली. १९६७ साली भारतीय संगीताच्या प्रश्नांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. २८ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

काळाचा न्याय मोठा विलक्षण असतो. ज्या चित्रपटगीतांना त्यांनी दार बंद केले, तीच आज जुनी गाणी म्हणून आपल्या घरांत भक्तिभावाने ऐकली जातात. आणि त्यांनी ज्यांना व्यासपीठ दिले, त्या गवयांची ध्वनिमुद्रणे आकाशवाणीच्या संग्रहात ठेवा होऊन राहिली आहेत. जुने जतन करावे हा त्यांचा बोध शिरोधार्य आहे. मात्र जतनासाठी नव्याचा उपमर्द करण्याचे कारण नाही, हा त्यांच्या कारकीर्दीचा धडाही तितकाच मोलाचा आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या घरांतही जात्यावरच्या ओव्या, लग्नातील गाणी, भजने जाणणारी वडीलधारी माणसे आहेत. त्यांचा आवाज आहे तोवर तो मुद्रित करून ठेवावा आणि मुलांची गाणीही आनंदाने ऐकावीत. आज जे नवे आहे, तेच उद्या त्यांच्या नातवंडांना जुने म्हणून प्रिय होणार आहे.